फाइल देण्यासाठी इंटरनेटची अट नको

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सोलापुरात झेरॉक्सच्या दुकानात, ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात किंवा फोटो स्टुडिओत मोबाइलमधला एखादा कागद छापून घ्यायला गेले, की काउंटरवरून पहिले वाक्य ऐकू येते ते ‘व्हॉट्सॲप करा’ हे. ज्याच्या फोनमध्ये नेटचा पॅक चालू आहे त्याला यात काही वावगे वाटत नाही. परंतु शहराच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत आजही आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला स्मार्टफोनच वापरात आहे आणि त्यातला रिचार्ज केवळ बोलण्यापुरता असतो. अलीकडेच अशाच एका केंद्रावर विड्या वळणाऱ्या एका वयस्कर बाईंना ‘मावशी, व्हॉट्सॲप नसेल तर काही होत नाही, मुलाला पाठवा’ असे सांगून रांगेतून बाजूला केलेले मी पाहिले. त्यांच्या फोनमध्ये कागदाचा स्वच्छ फोटो होता, समोर कॉम्प्युटर होता, आणि दोहोंमधले अंतर जेमतेम चार हातांचे होते. एवढ्या अंतरासाठी इंटरनेट लागत नाही, त्यासाठीची ब्लूटूथची सोय जुन्यातल्या जुन्या स्मार्टफोनमध्येही आहे आणि ती स्वीकारण्याची तयारी आपल्या शहरातल्या काउंटरांनी ठेवली पाहिजे, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

जुन्या फोनवरून इंटरनेटचे रस्ते एकेक करून बंद होत आहेत, हे आधी लक्षात घ्यायला हवे. अँड्रॉइड ४.४ आणि त्याआधीच्या फोनवर १ जानेवारी २०२५ पासून व्हॉट्सॲप चालत नाही. गूगलनेही आपल्या प्ले सर्व्हिसेसचा, म्हणजे अनेक ॲप ज्या सेवेवर चालतात तिचा, आधार या आवृत्तीसाठी २०२३ मध्ये काढून घेतला. फाइली देण्याघेण्यासाठी एकेकाळी घराघरांत वापरली जाणारी शेअरइट आणि झेंडर ही ॲप २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपच्या यादीत होती. बंदीनंतरही ती कुठल्याशा संकेतस्थळावरून उतरवून घेणारे लोक आहेत. तसे करणे धोक्याचे आहे आणि त्याची गरजही नाही.

गरज नाही, कारण ब्लूटूथ फोनमध्ये मुळातच असते. त्याला टॉवर लागत नाही, सिमकार्ड लागत नाही, गूगलचे खातेही लागत नाही. साधारण दहा मीटरच्या आत दोन यंत्रे असली, की ती एकमेकांशी थेट रेडिओलहरींनी बोलतात. पाठवणाऱ्याने फोटो उघडून ‘शेअर’वर बोट ठेवायचे, ब्लूटूथ निवडायचे, समोरच्या यंत्राचे नाव निवडायचे आणि दोन्हीकडे दिसणारा आकडा सारखा आहे याची खात्री करून होकार द्यायचा. बहुतेकांचे काम अडते ते घेणाऱ्याच्या बाजूला. नवा अँड्रॉइड फोन सहसा ब्लूटूथच्या सेटिंगचे पान उघडे असेपर्यंतच इतरांना दिसतो, त्यामुळे ते पान बंद केले की जुन्या फोनच्या यादीतून त्याचे नाव नाहीसे होते आणि लोक ‘फोन जुना आहे, पकडत नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. विंडोजच्या कॉम्प्युटरवर तर ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘रिसीव्ह फाइल्स’ हा पर्याय आधी सुरू करून ठेवावा लागतो. तो सुरू नसेल तर फोनने कितीही वेळा पाठवले तरी फाइल पोचत नाही. केंद्रावरच्या मुलांना एवढी एक गोष्ट ठाऊक असती, तर त्या बाईंचे काम अर्ध्या मिनिटात झाले असते.

ब्लूटूथ संथ आहे, हे मान्य केलेच पाहिजे. जुन्या फोनमधून सेकंदाला साधारण पाव एमबी एवढाच मजकूर जातो. म्हणजे तीन एमबीचा फोटो दहा-पंधरा सेकंदांत पोचतो, पण तीनशे एमबीच्या लग्नाच्या व्हिडिओला वीस मिनिटे लागतात आणि मध्येच जोडणी तुटली तर ती फाइल पुन्हा पहिल्यापासून पाठवावी लागते. म्हणून फोटो थोडे थोडे करून पाठवावेत आणि तेवढा वेळ जुना फोन चार्जरला लावून ठेवावा. जुन्या फोनमधले सगळे संपर्क मात्र एका छोट्याशा व्हीसीएफ फाइलमध्ये मावतात. संपर्कांच्या यादीत ‘एक्स्पोर्ट’ किंवा ‘शेअर’ शोधून ती फाइल ब्लूटूथने नव्या फोनला दिली, की शेकडो नंबर एका झटक्यात तिकडे जातात. नंबर वहीत उतरवून पुन्हा नव्या फोनमध्ये टाइप करत बसलेली वडीलधारी माणसे पाहिली, की हे त्यांना कोणीच कसे सांगितले नाही याचे वाईट वाटते.

मोठ्या फाइलींसाठी हॉटस्पॉट वापरावा. हॉटस्पॉट म्हणजे इंटरनेट वाटणे, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात मोबाइल डेटा बंद ठेवून हॉटस्पॉट सुरू केला तरी दोन यंत्रांमध्ये वायफायचे जाळे तयार होते आणि पॅकमधला एक केबीही खर्च होत नाही. काही फोन सिम नसताना हॉटस्पॉट सुरू करू देत नाहीत. तेव्हा नव्या फोनचा हॉटस्पॉट लावून जुना त्याला जोडावा. जोडल्यावर ‘या वायफायवर इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहायचे का’ असे फोन विचारतो, तेव्हा हो म्हणावे. नाही म्हटले तर तो आपणहून ते जाळे सोडून देतो. पुढे अनेक जुन्या फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये एफटीपी (एका यंत्रातून दुसऱ्यात फाइली नेण्याची जुनी पद्धत) किंवा ‘पीसीला जोडा’ अशा अर्थाचा पर्याय असतो. तो सुरू केला की पडद्यावर आकड्यांचा एक पत्ता दिसतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. हा पत्ता एचटीटीपीचा, म्हणजे संकेतस्थळांसारखा, असेल तर दुसऱ्या यंत्राच्या कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडतो, आयफोनवरसुद्धा, जो अँड्रॉइडकडून ब्लूटूथने फाइल घेत नाही. पत्ता एफटीपीचा असेल तर क्रोममध्ये टाइप करून उपयोग नाही, कारण क्रोमने २०२१ मध्ये ती सोय काढून टाकली. तो विंडोजच्या फाइल एक्स्प्लोररमध्ये टाइप करावा. एफटीपीवरून जाणारा मजकूर गुप्त केलेला नसतो, म्हणून हॉटस्पॉटला पासवर्ड असावा आणि काम झाल्यावर दोन्ही बंद करावेत. दोन्ही फोन अँड्रॉइड ६ किंवा त्यापुढचे असतील तर ही खटपटही नको. गूगलची क्विक शेअर ही सोय इंटरनेटशिवाय चालते.

केबल का लावत नाही, असे कोणी विचारील. जुन्या फोनचा चार्जिंग जॅक सैल झालेला असतो. चार्जिंग कसेबसे होते, पण डेटा जात नाही. मेमरी कार्ड काढून दिले तरी फोनच्या आतल्या मेमरीतले फोटो आतच राहतात.

हा विषय केवळ गरजूंच्या सोयीचाही नाही. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेले चित्र आकाराने लहान करून पाठवले जाते, त्यामुळे चादरीच्या जकार्ड, म्हणजे विणकामातच उठणाऱ्या, डिझाइनचा फोटो कारखान्यात पोचेपर्यंत आलेखाच्या बारीक चौकटी पुसट होतात. ब्लूटूथने गेलेली फाइल जशीच्या तशी पोचते. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर किंवा आषाढीला पंढरपुरात फोनला रेंज असूनही नेट हलत नाही, तेव्हा नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे किंवा वारीचे फोटो जवळच्या माणसाला जागेवरच देण्याचा हाच मार्ग उरतो. आणि आधार कार्डाचा फोटो अनोळखी दुकानाच्या व्हॉट्सॲपवर पाठवला की आपला मोबाइल नंबरही त्याच्यासोबत जातो, हे तर फारसे कोणी ध्यानातच घेत नाही. ब्लूटूथने दिलेली फाइलही दुकानाच्या कॉम्प्युटरवर राहतेच; ती आपल्यासमोर काढून टाकायला सांगण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाने बजावला पाहिजे.

शहरातल्या आणि तालुक्याच्या गावांतल्या झेरॉक्स दुकानदारांना व केंद्रचालकांना माझी विनंती आहे, की त्यांनी काउंटरवरच्या कॉम्प्युटरचे ब्लूटूथ कामाच्या वेळेत सुरू ठेवावे आणि त्याला दुकानाचे नाव द्यावे, म्हणजे ग्राहकाला यादीत ते ओळखता येईल. कॉम्प्युटरला ब्लूटूथ नसेल तर यूएसबीला लावायचा छोटा ॲडॉप्टर काही शे रुपयांत मिळतो. सार्वजनिक वाचनालयांनी आणि महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी सुटीच्या दिवशी वस्त्यांत बसून ज्येष्ठांच्या जुन्या फोनमधले फोटो व संपर्क काढून द्यावेत. आपल्या दैनिकानेही ही कृती चित्रांसह एखाद्या रविवारी छापावी. कात्रण काउंटरवर चिकटवण्याची तयारी आमच्या भागातल्या काही दुकानदारांनी दाखवली आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक,
साखर पेठ, सोलापूर