शिबिरांइतकीच गरज हत्यारांच्या सेटची आहे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव महिन्यावर आला की कोल्हापुरातल्या तालमी आणि तरुण मंडळे वर्गणीतली काही रक्कम समाजकार्यासाठी बाजूला काढतात आणि त्या रकमेतून बहुतेक वेळा पहिल्यांदा ठरते ते मोतीबिंदू तपासणीचे शिबिर. या कार्यकर्त्यांच्या तळमळीबद्दल मला आदर आहे. परंतु डोळ्यांच्या शस्त्रक्रियागृहात परिचारिका म्हणून २८ वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे, की शिबिरात सापडलेल्या रुग्णाची खरी रखडपट्टी पुढे सुरू होते, दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या वेळात, आणि तिथपर्यंत देणगीचा रुपया सहसा पोहोचत नाही.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हात बसलेला सर्जन साधारण पंधरा मिनिटांत उरकतो. त्यानंतर रुग्णाला टेबलावरून उतरवणे, पुढच्याला झोपवणे, डोळ्याभोवतीची त्वचा धुणे, पोव्हिडोन आयोडिन या जंतुनाशकाचे थेंब घालणे, निर्जंतुक कापड अंथरणे आणि नवा ट्रे मांडणे यात आणखी पंधरा मिनिटे जातात आणि तेवढा वेळ सर्जन हात वर धरून उभा राहतो. एकच टेबल असेल तर सहा तासांत बारा शस्त्रक्रिया होतात. शेजारी दुसरे टेबल टाकले, एका टेबलावर काम चालू असताना दुसऱ्यावर पुढच्या रुग्णाची तयारी ठेवली आणि सूक्ष्मदर्शक नुसता वळवून घेतला, की त्याच वेळात, सर्जनला जराही घाई न करता, चोवीस होतात. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाची ही पद्धत जगभर नावाजली गेली. डॉ. जी. व्यंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये ११ खाटांवर ते सुरू केले, तेव्हा संधिवाताने त्यांची बोटे कधीच वाकडी झालेली होती.

आपल्याकडेही अनेक ठिकाणी दुसरे टेबल आले. हत्यारांचे सेट मात्र वाढले नाहीत. वापरलेला सेट धुऊन, अल्ट्रासोनिक यंत्रात स्वच्छ करून, वाळवून, गुंडाळून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, १२१ अंशांवर ठेवायचा आणि निवल्यावर बाहेर काढायचा, म्हणजे एकदा हातात घेतलेला सेट पुन्हा टेबलावर यायला दीड तास लागतो. चार सेट असतील तर दीड तासात चारच शस्त्रक्रिया होणार, म्हणजे सहा तासांत सोळा, मग टेबले दोन असोत की पाच. चोवीस करायच्या असतील तर किमान सहा सेट हवेत आणि सातवा हाताशी हवा, कारण चिमटा कधीतरी हातून खाली पडतोच. हा हिशेब कोणत्याही पाटबंधारे खात्यातल्या कारकुनाला कागदाशिवाय कळेल. पण दिवसभराच्या शस्त्रक्रियांची लिस्ट करताना तो कोणी करत नाही.

याची किंमत कोण मोजतो, तेही सांगते. मी एका रुग्णालयात काम करत असताना (नाव लिहीत नाही, कारण दोष एकट्या त्यांचा नव्हता) शाहूवाडी तालुक्यातल्या एक आजी आदल्या संध्याकाळच्या एसटीने आल्या होत्या. सकाळी सात वाजता त्यांच्या डोळ्यात बाहुली मोठी करण्याचे थेंब घातले गेले. चार सेट आणि एकच ऑटोक्लेव्ह असताना लिस्ट वीस जणांची होती आणि आजींचा क्रमांक सतरावा. अकराच्या सुमारास त्यांनी पहिल्यांदा विचारले, "सिस्टर, माझा नंबर कवा यायचा वं? सकाळधरनं पोटात काय न्हाई." त्यांना मधुमेह होता. डोळ्यापुरती भूल द्यायची असताना त्यांना रात्रीपासून उपाशी ठेवण्याचे कारण नव्हते. तरी सर्वांना सरसकट तीच सूचना दिली गेली होती. अडीच वाजता त्यांना टेबलावर घेतले तेव्हा बाहुली पुन्हा आखडलेली, रक्तातली साखर उतरलेली आणि हात थरथरत होते. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवसावर गेली. त्यांच्यासोबत आलेल्या मुलाचा दुसरा रोजही बुडाला आणि आमची दुसऱ्या दिवसाची लिस्ट आधीच भरलेली होती.

खोळंबा झाला की पळवाटा सुरू होतात, आणि माझी खरी काळजी ती आहे. कोणीतरी म्हणते, आज ऑटोक्लेव्हचे कमी वेळेचे चक्र लावू, ट्रे न गुंडाळता उघडाच टाकू. आणि निकडीसाठी ठेवलेली सोय रोजची सवय होऊन बसते. सिमको कॅन्युला नावाची एक बारीक नळी असते. शस्त्रक्रियेत डोळ्यात भरलेला जेल तिच्या पोकळीत राहतो आणि सिरिंजने लगेच पाणी मारले नाही तर वाळून बसतो. वरून नळी चकचकीत दिसते, ऑटोक्लेव्हमधून निघाल्याची खूण म्हणून पट्टीवर काळ्या रेघाही उमटतात, आणि आतली घाण पुढच्या रुग्णाच्या डोळ्यात जाते. ती नळी उजेडासमोर धरून तीन वेळा धुवायला लावल्याबद्दल नव्या मुली माझ्यावर वैतागत असत. त्यांचे वैतागणे मला चालत असे. जंतुसंसर्गाने एखादा डोळा गेला तर चौकशी सर्जनची होते, बातमी रुग्णालयाची होते, पण त्या दिवशी ट्रे धुवायला किती जणी होत्या हे कोणी विचारत नाही.

लिस्ट लांबण्याची आणखी दोन कारणे शस्त्रक्रियागृहाच्या बाहेर असतात. पहिले कारण मोजमाप. डोळ्याची लांबी एक मिलिमीटर चुकली तर आत बसवायच्या भिंगाचा नंबर अडीच ते तीन डायॉप्टरने चुकू शकतो, म्हणून ए-स्कॅन, म्हणजे ही लांबी मोजण्याची तपासणी, करणारा तंत्रज्ञ पगारी, कायमचा आणि शांतपणे काम करू दिलेला हवा. शिबिराच्या गर्दीत एका सकाळी शंभर डोळे मोजायला त्याला बसवू नये. दुसरे कारण औषधे. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेणाऱ्या आजोबांचे बुबुळ शस्त्रक्रियेत सैल पडते, फडफडते, बाहुली लहान होत जाते आणि पंधरा मिनिटांचे काम चाळीसवर जाते. "लघवीची गोळी चालू आहे का?" एवढा एक प्रश्न आदल्या दिवशी विचारला तर सर्जन तयारीने उतरतो आणि असा रुग्ण लिस्टच्या शेवटी ठेवता येतो. यासाठी यंत्र लागत नाही, छापील कागदावर एक ओळ लागते.

यंत्रांवरून आठवले. देणगीतून आलेले फेकोचे, म्हणजे ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून ओढून घेण्याचे, यंत्र कापडाखाली झाकून ठेवलेले मी पाहिले आहे. फीत कापली गेली, दात्यांच्या नावाची पाटी लागली, परंतु दर शस्त्रक्रियेला लागणाऱ्या नळ्या आणि कॅसेटचा खर्च कोणी धरलाच नव्हता. फेको उत्तम तंत्र आहे यात वाद नाही. पण राधानगरी, गगनबावड्याकडून उशिरा येणारे मोतीबिंदू बहुतेक वेळा तपकिरी, दगडासारखे कडक झालेले असतात आणि त्यांना छोट्या छेदाची, बिनटाक्याची हाताने केलेली शस्त्रक्रिया चांगली मानवते. ती स्वस्तही पडते. हे रुग्ण उशिरा का येतात, तर "पिकल्याशिवाय काढू नये" हा जुना समज अजून गेलेला नाही, आणि पावसाळ्यात भाताची रोपलावण, पुढे ऊसतोड, यांतून घरातले माणूस सोबतीला मोकळे होत नाही. देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांतल्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूचे निघाले, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ज्याचा उपाय माहीत आहे त्याचे.

अरविंदचे नाव सगळे घेतात; तिथल्या मुलींचे फारसे कोणी घेत नाही. खेड्यांतून निवडलेल्या, बारावी झालेल्या मुलींना दोन वर्षे शिकवून मोजमापापासून ट्रेपर्यंतचे बहुतेक काम त्यांच्यावर सोपवले जाते, म्हणून सर्जनचा वेळ फक्त डोळ्यावर खर्च होतो. आपल्याकडे डोळ्यांच्या कामात तयार झालेली परिचारिका वर्षभरात प्रसूती विभागात बदलून जाते आणि तिच्या जागी आलेलीला सिमको कॅन्युला मी पुन्हा पहिल्यापासून दाखवत असे.

तेव्हा मंडळांना माझी विनंती अशी आहे. या वर्षी शिबिर जाहीर करण्याआधी ज्या रुग्णालयाकडे रुग्ण पाठवणार त्यांना तीन गोष्टी विचाराव्यात: सेट किती आहेत, ऑटोक्लेव्ह किती आहेत, आणि गेल्या वर्षी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी किती जणांची नजर महिन्यानंतर पुन्हा तपासली. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे अपुरी वाटली तर मांडवाच्या खर्चातून दोन सेट द्यावेत. तिसऱ्याचे उत्तर मिळालेच नाही, तर शिबिर दुसरीकडे न्यावे. सेटमध्ये कोणकोणती हत्यारे लागतात, त्यातली कोणती लवकर बोथट होतात आणि कोणती जास्तीची घ्यावीत, याची यादी मी मागेल त्या मंडळाला हाताने लिहून देईन. तेवढे पाटीवर माझे नाव घालू नये.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका, कोल्हापूर