आभाळाच्या निळ्या-तांबड्याविषयी

फोंडा

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

मिरामारहून पाठवलेले तुझे दोन्ही फोटो पाहिले. पावसाच्या उघडिपीतलं आभाळ गडद निळं आणि मे महिन्यातलं धुरकट पांढरं. सूर्य तोच, किनारा तोच, मग रंग वेगळा का, हा तुझा प्रश्न अगदी नेमका आहे.

समुद्राचा रंग वर पडतो म्हणून आभाळ निळं, असं किनाऱ्यावर सर्रास सांगतात. ते खरं नाही. तसं असतं तर पावसाळ्यात मांडवीच्या गढूळ पाण्यावरचं आभाळ मातकट दिसलं असतं. आभाळाचा निळा हवेतच तयार होतो.

विद्युतचुंबकीय वर्णपटातला फार अरुंद पट्टा आपल्या डोळ्यांना दिसतो: लहरीची लांबी जांभळ्याकडे सुमारे 400 नॅनोमीटर, तांबड्याकडे सुमारे 700. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. तांबड्यापलीकडचं अवरक्त (इन्फ्रारेड) बघायचं असेल तर टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाब. डोळ्यांना न दिसणारा दिवा पडद्यावर लुकलुकताना दिसेल. (मागच्या कॅमेऱ्याला बहुधा अवरक्त गाळणारी काच असते, त्यात तो दिसेलच असं नाही.)

हवेतले नायट्रोजन-ऑक्सिजनचे रेणू या लहरींपेक्षा खूपच लहान. एवढे लहान कण आखूड लहरी जास्त विखुरतात, आणि प्रमाण लहरीच्या लांबीच्या चौथ्या घाताच्या उलट बदलतं. हिशेब करून बघ: 650 भागिले 450, त्याचा चौथा घात. उत्तर चाराहून थोडं जास्त येतं, म्हणजे निळा तांबड्याच्या चौपटीहून अधिक विखुरतो. हे गणित इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1871 साली मांडलं. मग आभाळ जांभळं का नाही? सूर्यप्रकाशात जांभळा निळ्यापेक्षा कमी असतो आणि आपला डोळाही त्याला मंद.

आता घरी करून बघ. सरळ बाजूंची, दीडेक फूट लांब काचेची टाकी घे. गोल बरणी नको, ती भिंगासारखा झोत वाकवते. टाकीत 10 लिटर गाळलेलं पाणी. टॉर्च पांढऱ्या एलईडीचा हवा, पिवळट उजेडाच्या टॉर्चमध्ये मुळातच निळा कमी असतो. त्याच्या तोंडावर काळा कागद लाव, मधोमध एक सेंटिमीटरचं भोक ठेव आणि अरुंद बाजूकडून झोत लांबीत सोड. खोलीत पूर्ण काळोख कर. मग साय काढलेलं दूध 5 मिलीच्या चमच्यानं एकेक चमचा घाल, ढवळ, मिनिटभर थांब. दोन-तीन चमच्यांनंतर बाजूनं पाहिलं की टॉर्चजवळचा झोत निळसर दिसेल, आणि पलीकडच्या टोकाला धरलेल्या कागदावर पिवळट, पुढे नारिंगी डाग पडेल.

प्रयोग बिघडतो तो बहुतेक वेळा दुधामुळे. सायीच्या दुधातले स्निग्धाचे गोळे प्रकाशलहरींपेक्षा मोठे असतात. ते सगळेच रंग जवळजवळ सारखे विखुरतात आणि टाकी नुसती पांढरी होते. साय काढल्यावर प्रामुख्यानं प्रथिनांचे बारीक कण उरतात, तेव्हाच निळा दिसतो. तुझ्या मे महिन्याच्या फोटोत नेमकं हेच झालंय. धूळ, धूर आणि दमट हवेत पाणी शोषून फुगलेले समुद्री मिठाचे कण रेणूंच्या मानानं प्रचंड मोठे. ते आभाळ पांढरं करतात. चार दिवस पाऊस कोसळला की ते धुऊन जातात आणि रेणूंचा निळा उरतो.

तिन्हीसांजेला सूर्य क्षितिजाला टेकला की त्याचा प्रकाश माथ्यावरच्या सूर्यापेक्षा सुमारे 38 पट हवा कापून येतो. वाटेत निळा, मग हिरवा गळून जातो आणि पिवळा-तांबडा पोचतो. म्हणून तांबड्यासाठी धूळ लागतेच असं नाही. उलट धूळ फार झाली तर सूर्य क्षितिजाच्या वरच मळकट होऊन दिसेनासा होतो. सूर्य बुडाल्यावर माथ्यावर टिकणारा निळा मात्र मुख्यतः ओझोनमुळे असतो. ओझोन नारिंगी-पिवळा शोषून घेतो.

आत्याचा पोलराइज्ड गॉगल, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश आत सोडणारा, मागून घे. सूर्य खाली असताना, सकाळी किंवा संध्याकाळी, थेट माथ्यावर बघ. तो भाग सूर्यापासून 90 अंशांवर येतो, आणि तिथून विखुरलेला प्रकाश बराचसा एकाच दिशेत कंप पावतो. गॉगल डोळ्यांसमोर चक्रासारखा फिरव, आभाळ गडद-फिकं होईल. टाकीतला झोतही बाजूनं पाहताना तसाच बदलतो. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली भूमध्य समुद्रावर अशाच युक्तीनं, निकोल लोलक (पोलराइज्ड काचेसारखंच काम करणारा स्फटिक) वापरून, पाण्यावरचं आभाळाचं परावर्तन अडवलं होतं, तरीही समुद्र निळाच दिसला. धुरकट दिवशी गॉगलमधला फरक पुसट होतो, पावसानंतर ठळक. तेव्हा आजपासून रोज बघून वहीत टिपत जा, सूर्याकडे मात्र गॉगल लावूनही थेट बघू नकोस. आणि दुधाचं पाणी त्याच रात्री ओतून टाक, नाहीतर टाकीला वास धरतो.

तुझी
आई