गाडीखाली शिरण्याआधी

राजापूर,
बुधवार, रात्री

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास तेव्हा मी बोलतच होतो. तुझी आई म्हणाली, "एवढं पोटात राहत नसेल तर तिला लिहून टाका, पण फोनवर आरडाओरडा नको." म्हणून हे पत्र. आधीच सांगतो, यात जॅकचा विषय काढणार नाही.

गिअरबॉक्सचं ऑइल तू घरी बदलावंस याला माझी ना नाही. "दादाने म्हटलं असतं तर चाललं असतं," हे तू रागाने बोललीस. दादाला बारा-तेराचा पाना कुठला आणि चौदा-पंधराचा कुठला हे अजून कळत नाही. तू सहा वर्षांची असताना न बघता हातात द्यायचीस. आणि तुझं निदान मला पटलंय. सकाळी गाडी गार असताना तिसरा गिअर अडतो, तापली की सुटतो, आणि वर जुलैत तू खेडजवळ जगबुडीच्या पाण्यातून गाडी काढलीस. गरम गिअरबॉक्स गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा यायच्या-जायच्या भोकातून, आणि सीलमधून पाणी आत ओढून घेते. हे मी तुला कधी शिकवलं नव्हतं, तुझं तू जोडलंस. आईला मी लगेच म्हटलं, पोरीचं डोकं चालतं. तुला सांगायचं राहिलं, कारण तेवढ्यात तू म्हणालीस की डिकीतला जॅक आहे, त्यावर होईल.

बरं, ते राहू दे. ऑइलचं सांगतो.

दुकानात जाऊन नुसतं "नव्वद नंबर" मागू नकोस. तो तुला ट्रकच्या डिफरन्शिअलचं देऊन मोकळा होईल. गाडीच्या पुस्तकात ग्रेड लिहिलेली असते, ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-९० अशी काहीतरी. तिच्यापुढे ऑइलचा प्रकार असतो, जीएल-४ आहे की जीएल-५ तेही बघ. जीएल-४ लिहिलं असेल तर तेच आण. पाच म्हणजे चारापेक्षा भारी असं दुकानदार सांगेल. जीएल-५ मध्ये गंधकाचं औषध जास्त असतं, दातांवर जबरदस्त दाब येतो तिथे ते चांगलं. पण आपल्या गिअरबॉक्समधल्या सिंक्रोच्या रिंगा पितळी. त्यांना ते मानवेलच असं नाही, शिवाय गिअर पडताना रिंगेने जी पकड घ्यायची ती फार बुळबुळीत ऑइलात मिळत नाही. म्हणजे अडणारा तिसरा आणखी अडायचा.

गाडी पंधरा-वीस मिनिटं फिरवून आण, कोमट ऑइल नीट उतरतं. आणि आधी वरचा, भरायचा बोल्ट सोडव. तो सुटला तरच खालच्याला हात लाव. खालचा काढून ऑइल सगळं सांडलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला, की गाडी जागेवर गेली. ना भरता येत, ना चालवता येत. खाऱ्या हवेत हे बोल्ट कसे धरतात ते तू बघितलंयस. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेव. पाना अडला तर झटके देऊ नकोस, विशेषतः जॅकवरच्या गाडीला. एका झटक्याने—

लिहिणार नव्हतो ना. पण लिहितोच आता.

तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही अख्खी नोकरी गाडीखाली काढलीत." काढली, पण पिटमध्ये. गाडी जमिनीवर चारही चाकांवर उभी आणि मी खाली सिमेंटच्या खड्ड्यात उभा. अंगावर यायला काही नव्हतंच. डिकीतला तो कातरीसारखा जॅक चाक बदलायला दिलेला असतो. तो गाडी उचलतो, धरून ठेवायची जबाबदारी त्याची नाही. आणि तुझ्या खोलीसमोरचं अंगण तांबड्या मातीचं, वर शेवाळ. पाऊस अजून पुरता गेलेला नाही. अण्णांचं काय झालं ते तुला माहीत आहे, मी पुन्हा लिहीत नाही.

आणि गाडीखाली टेकू म्हणून जांभ्याचा चिरा लावायचा नाही. हे आपल्याकडे सगळे करतात म्हणून सांगतो. घराला लागतो तो जांभा गाडीलाही चालेल असं वाटतं. भिंतीत त्याच्यावर सारखा भार येतो, इथे सगळं वजन हाताएवढ्या जागेवर येतं. त्यात तो पावसात भिजलेला. जांभा आधी कुरकुरत नाही, तडा दाखवत नाही, एकदम बसतो. मी तसा बसलेला चिरा हातात घेऊन बघितलाय. भोकाभोकांच्या तांबड्या ढेकळाला मधूनच सपाट चीर गेली होती आणि आतून तो ओलाच होता. अण्णांनी नंतर तो अंगणाच्या कडेला ठेवून दिला, कुणाला टाकू देत नव्हते.

माझं व्याख्यान झालं. राग मानू नकोस. तुला शिकवायची हौस म्हणून नाही लिहीत.

काल रात्री उगीच अणुस्कुरा घाटाची आठवण आली. आईच्या उपचारांसाठी कोल्हापूरच्या फेऱ्या चालल्या होत्या तेव्हाची. उतरताना मी दुसऱ्यात गाडी धरून ठेवायचो आणि तू मागून विचारायचीस, "बाबा, ब्रेक का नाही मारत?" ब्रेक तापून सुटतात, गिअर सुटत नाही, असं मी सांगायचो. मग तू वळणं मोजायला लागायचीस आणि मध्येच झोपायचीस. आई पुढे डोळे मिटून बसलेली. त्या फेऱ्यांत मी कोणाशी फारसं बोललो नाही. तू मात्र कुठलं वळण कितव्या गिअरमध्ये ते पाठ केलं होतंस. ही गाडी तुला दिली ती त्यामुळे. दादा अजून विचारतो.

असो. ऑइल उतरलं की खालच्या बोल्टाचं टोक बघ. तिथे लोहचुंबक असेल तर त्यावर राखाडी मलमासारखा थर दिसेल, तो असतोच, पुसून टाक. बोटाला टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा दिसला तर पुढे काही करू नकोस, मला फोन कर. ऑइल चहात दूध जास्त झाल्यासारखं फिकट आलं, तर पाणी गेलंय हे नक्की. मग नवं भरून थोडं चालवायचं आणि तेही काढून परत भरायचं. पैसे मी देतो, त्यावरून भांडू नकोस. वॉशर नवे घाल. बॉनेटमधून लांब नळी आणि नरसाळं लावून, वरच्या भोकातून बाहेर ओघळेपर्यंत भर. मात्र गाडी सपाट असली पाहिजे. पुढून उचललेली असेल तर पातळी खोटी दिसते. म्हणजे चारही बाजूंनी सारखी वर, आणि ते जॅकचं काम नव्हे, हे तूच आता मला सांगशील.

जुनं ऑइल डब्यात भरून गॅरेजवाल्याला दे. घरमालकांची विहीर खालच्या अंगाला आहे, आणि जांभ्यातून सगळं झिरपतं.

उचललेली गाडी टेकवून ठेवायचे माझे चार लोखंडी घोडे माळ्यावर पडून होते. आज काढून घासले, रंग द्यायला वेळ नाही. शनिवारी दापोलीच्या गाडीत कंडक्टरच्या ओळखीने पाठवतो, सोबत आईने कोकमाच्या आगळाची बाटली दिली आहे. पोतं जड आहे, एकटी उचलू नकोस, हमालाला दहा-वीस रुपये दे. घोड्यांखाली फळी घाल, नुसत्या मातीवर लावू नकोस. गाडी त्यांच्यावर बसली की बाहेर उभं राहून दोन्ही हातांनी जोरात हलवून बघ, आणि हलली नाही तरच आत जा. शेजारच्या मॅडमना घरी असू दे. शिरण्याआधी एक मिस्ड कॉल दे आणि बाहेर आल्यावर दुसरा. मी उचलणार नाही, बोलणार नाही. आईचं म्हणणं आहे की दुसरा येईपर्यंत मी जेवणार नाही. ते तिचं म्हणणं.

तुझा,
बाबा

ता.क. पाने तुझ्याकडे कुठले आहेत ते कळव. भरायच्या बोल्टाला चौकोनी भोक असेल तर त्याचा तुकडा माझ्याकडे आहे, तोही पोत्यात टाकतो.