हजेरीचा धाक दाखवून गर्दी नको

महोदय,

कॉलेजात पाहुणे येणार असले की आदल्या रात्री वर्गाच्या ग्रुपवर संदेश येतो: 'सर्वांनी उपस्थित राहावे, अन्यथा हजेरी कापली जाईल.' माझ्या मुलीच्या कॉलेजात तर सभागृह भरावे म्हणून प्रॅक्टिकल रद्द केले. हजेरी अभ्यासासाठी असते. तिच्या धाकाने गर्दी जमवणे संतापजनक आहे.

राज्यघटनेचा अनुच्छेद 28(3) स्पष्ट आहे. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीवाचून, आणि तो अल्पवयीन असल्यास पालकांच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. केरळमधली तीन भावंडे राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे ते गात नसत. त्यांना शाळेतून काढणे सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये बिजो इमॅन्युएल खटल्यात घटनाबाह्य ठरवले. मग एखाद्या पाहुण्याच्या भाषणाला न गेल्याबद्दलची शिक्षा कुठल्या नियमात बसते?

अभ्यासक्रमातच श्रेयांकासह (क्रेडिटसह) असलेले उपक्रम वेगळे. ते करावेच लागतात. बाकीच्या सक्तीसाठी विद्यार्थ्यांनी लेखी आदेश मागावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2023 च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती असणे बंधनकारक आहे आणि तिच्या निर्णयावर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. हे किती मुलांना ठाऊक आहे? कॉलेजांनी समितीचा आणि लोकपालाचा संपर्क प्रवेशाच्या दिवशीच विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा.

– एक पालक, सातारा