गेटपाशी सावली उरली नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नेरुळमधल्या आमच्या सोसायटीच्या गेटपाशी सोनमोहराचं मोठं झाड होतं. वॉचमनकाका सकाळी त्याच्या पश्चिमेला खुर्ची टाकायचे आणि दुपारी उचलून पूर्वेला न्यायचे. गाड्यांवर फुलं पडतात, या तक्रारीवरून मार्चमध्ये छाटणी झाली. परवानगी फांद्यांची होती, पण उरलं ते नुसतं खोड. आता काका पत्र्याच्या केबिनमध्ये डोक्यावर ओला पंचा घेऊन बसतात. एप्रिलमध्ये एका दुपारी त्यांना घेरी आली. पाणी घेऊन खाली धावलो, तर केबिनच्या पत्र्याला टेकलेला हात चटका बसून मागे घ्यावा लागला.

छाटणी ठरली त्या सभेला मी होतो. "उन्हाळा काय आज पडायला लागला?" असं एक सभासद म्हणाले. दुसरे म्हणाले, "धूर सोडणार अमेरिका-चीन, आणि आपण पानं मोजत बसायचं का?" मला उत्तर माहीत होतं. तरी बोललो नाही. रोज लिफ्टमध्ये भेटणाऱ्या माणसांशी वाईटपणा नको, एवढंच मनात होतं. याची मला लाज वाटते.

तेव्हा द्यायला हवं होतं ते उत्तर आज देतो. 2024 हे नोंदींमधलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. औद्योगिक युगापूर्वीच्या सरासरीपेक्षा ते सुमारे दीड अंशाने जास्त तापलं. दीड अंशाने काय होतं, असं विचारणाऱ्यांनी 16 एप्रिल 2023 आठवावा. आमच्यापासून तिसऱ्या स्टेशनवर, खारघरच्या मैदानात, भर उन्हातल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने 14 जण दगावले. पारा 38 च्या आसपासच होता. खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग निवत नाही, म्हणून विदर्भात सोसवतं ते तापमान इथे जिवावर बेततं. 2025 मध्ये पाऊस 26 मे रोजीच मुंबईत पोहोचला, तेव्हा "कुठे आहे तुमची तापमानवाढ?" असंही ऐकावं लागलं. तापलेली हवा जास्त बाष्प धरते, दर अंशामागे सुमारे 7 टक्के. त्यामुळे पाऊस कोसळतो तेव्हा तो धो धो कोसळतो.

अमेरिकेचा मुद्दा खोटा नाही. तिथला माणूस आपल्यापेक्षा कितीतरी पट कार्बन सोडतो. पण आमच्या गेटच्या आत अमेरिका मीच आहे. माझ्या घरात दोन एसी आहेत, काकांकडे एक टेबलफॅन. माझी वीज मुख्यतः कोळशावर तयार होते आणि माझ्या एसीची गरम हवा बाहेर, त्यांच्याच बाजूला फेकली जाते.

गच्चीवर सोलर बसवायचा विषय आमच्याकडे दोनदा "पुढच्या सभेत बघू" म्हणून मागे पडला. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांसाठी सोसायट्यांना केंद्राच्या योजनेतून किलोवॅटमागे 18 हजार रुपये अनुदान आहे, हे निम्म्या सभासदांना ठाऊकच नव्हतं.

आपल्यालाही एक विनंती. उन्हाच्या बातमीसोबत दरवर्षी स्कार्फ बांधलेल्या मुलींचा आणि सरबताच्या गाडीचा फोटो येतो. त्याच बातमीत ऊन का वाढतंय हेही छापा. वाचलेलं वर्तमानपत्र आमच्याकडे वॉचमनच्या केबिनमध्येच जातं.

वार्षिक सभेसाठी मी सेक्रेटरींना दोन विषय लेखी दिले आहेत: गेटपाशी दोन झाडं आणि गच्चीवर सोलर. या वेळी मी उभा राहून बोलणार आहे. माझा एक एसी काल विकला.

आपला,
एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई