ड्रमसेट घेण्याआधी खालच्या मजल्याचा विचार

महोदय,

उन्हाळी सुट्टी लागली की ठाण्यातल्या वाद्यवर्गांत नवे विद्यार्थी येऊ लागतात आणि हल्ली त्यांत ड्रम शिकू पाहणारी मुले-मुलीही असतात. नेहमीचा अकूस्टिक ड्रमसेट घ्यावा की इलेक्ट्रॉनिक, हा त्यांच्या पालकांपुढचा पहिला प्रश्न. घोडबंदर रस्त्यावरील एका इमारतीत नवव्या मजल्यावर राहणारे आमचे कुटुंब दोन वर्षांपूर्वी याच प्रश्नापाशी अडले होते. त्या वेळी मिळालेला सल्ला अर्धाच खरा होता आणि उरलेला अर्धा आम्हाला चुकतमाकत शिकावा लागला, म्हणून हे पत्र.

सदनिकेत अकूस्टिक संच वाजवता येत नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पायाने वाजवायचा २२ इंची बेस ड्रम, समोरचा करकरीत आवाजाचा १४ इंची स्नेअर ड्रम, टॉम नावाचे आणखी दोन-तीन ड्रम आणि झांजा जोमाने वाजू लागल्या की वाजवणाऱ्याच्या कानाशी आवाज सहज १०० डेसिबलच्या पुढे जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागातील मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. शेजारधर्म बाजूला ठेवला तरी मुलांच्या कानांचा प्रश्न उरतोच. अमेरिकेतील कामगार-आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या नायॉश या संस्थेच्या निकषानुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाकाठी आठ तास चालतो, पण दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते आणि १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते.

म्हणून आम्ही इलेक्ट्रॉनिक संच घेतला. त्यात ड्रमच्या जागी पॅड असतात आणि त्यांवर काठी मारली की आवाज हेडफोनमध्ये किंवा स्पीकरवर येतो. हेडफोन लावला की कुणाला काही ऐकू येणार नाही, असे दुकानदाराने सांगितले होते आणि हवेतून जाणाऱ्या आवाजापुरते ते खरेही होते. शेजारच्या खोलीत पॅडवर काठ्या पडल्याची टकटक तेवढी येत असे. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या आणि त्यांनी अगदी सौम्यपणे विचारले, "संध्याकाळी तुमच्याकडे कुणी काही कुटतं का हो?" मुलीला वाजवत ठेवून मी त्यांच्याबरोबर खाली गेलो. तिथे ना झांज ऐकू येत होती ना स्नेअर, पण छतातून धप्, धप् असा बोथट ठोका उतरत होता आणि खाटेशेजारच्या तिपाईवर तांब्यावर पालथे घातलेले फुलपात्र प्रत्येक ठोक्याला किणकिणत होते. आजींचे यजमान त्या खाटेवर आजारी पडून होते. मला फार अपराधी वाटले.

बेस ड्रमचे पॅडल पायाने दाबले की त्याचा हातोडीसारखा बीटर पॅडवर आदळतो, तो धक्का स्टँडमधून लादीत आणि लादीतून स्लॅबमध्ये उतरतो. हेडफोनचा त्याच्याशी काही संबंधच नसतो. आमच्यासारख्या मिवान पद्धतीच्या इमारतींत भिंती आणि स्लॅब एकसंध काँक्रीटचे ओतलेले असल्यामुळे तो एका घरापुरता थांबतही नाही. जाड सतरंजी अंथरून फारसा फरक पडला नाही. अखेर प्लायवूडच्या खालच्या फळीत चेंडूपेक्षा थोडी लहान गोल भोके पाडून त्यांत टेनिसचे चेंडू बसवले, त्यांवर दुसरी फळी ठेवली आणि तिच्यावर संच मांडला. वरची फळी भिंतीला कुठेही टेकणार नाही, एवढे मात्र पाहावे लागते. ठोका पूर्ण गेला नाही, पण फुलपात्र वाजायचे थांबले. रात्री साडेआठनंतर पायाचा सराव करायचा नाही, असेही आम्ही आजींशी बोलून ठरवले.

दुसरी गोष्ट कळायला वर्ष गेले. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलगी पहिल्यांदाच अकूस्टिक संचावर बसली. घरी ती जे गाणे बिनचूक वाजवत असे, तेच तिथे झांजांच्या गजरात बुडाले आणि गाणाऱ्या मुलीला स्वतःचा सूर ऐकू येईना. घरच्या संचावर कोणता आवाज किती मोठा असावा हे मॉड्यूलमध्ये, म्हणजे पॅडना जोडलेल्या आवाजाच्या पेटीत, आधीच जुळवलेले होते. इथे ते तिच्या मनगटांनी ठरवायचे होते आणि मनगटांना ती सवयच नव्हती. पॅडमधला सेन्सर आघाताचा जोर मोजतो आणि त्या मापाने मॉड्यूल साठवलेला आवाज वाजवते. साध्या संचांत अगदी हलका आघात एक तर नोंदला जात नाही किंवा हवा त्याहून मोठा वाजतो. त्यामुळे स्नेअरवर मुख्य ठोक्यांच्या मधे काठी जेमतेम टेकवून घ्यायच्या घोस्ट नोट्स हाताला बसतच नाहीत. पॅडवर ताणलेला जाळीचा पडदा काठीला जास्त उसळी देतो, म्हणून घरी सहज येणारा डबल स्ट्रोक रोल (प्रत्येक हाताने दोन-दोन ठोके घेत वाजवायचा) फ्लोअर टॉम या जमिनीवर उभ्या, सैल ताणलेल्या मोठ्या ड्रमवर अडखळतो. हाय-हॅट म्हणजे पायाने उघड-मीट होणारी दोन झांजांची जोडी; तिच्या जागी तर नवशिक्यांसाठीच्या अनेक संचांत एकच पॅड आणि पायाखाली उघड-मीट करणारा स्विच असतो. दोन झांजा किंचित विलग ठेवून निघणारा सळसळता आवाज त्यावर मुलांना कळणार कसा?

तरीही पहिला संच म्हणून मी इलेक्ट्रॉनिकच सुचवीन, कारण रोजचा अर्धा तास घरातच वाजवला जातो आणि जो संच रोज वाजवता येतो तोच हात तयार करतो. सुरुवातीचे दोन-तीन महिने मात्र नुसत्या प्रॅक्टिस पॅडवर, म्हणजे सरावाच्या एका सुट्या पॅडवर, काढावेत. सिंगल स्ट्रोक, डबल स्ट्रोक आणि पॅराडिडल हे दोन्ही हातांच्या ठोक्यांचे प्राथमिक क्रम तिथे पक्के होतात आणि मुलाची आवड टिकते का, हेही समजते. पुढे संच घेताना रबरी पॅडऐवजी जाळीचे पडदे घ्यावेत. रोलंड कंपनीने १९९७ मध्ये टीडी-१० या महागड्या संचात आणलेले हे पडदे आता साध्या संचांतही मिळतात. हाय-हॅटचे पॅडल अर्धवट उघडी स्थिती ओळखते का, हे स्वतः वाजवून पाहावे आणि दुकानातला स्पीकर बंद करायला सांगून नुसत्या पॅडचा आवाज ऐकावा. विजेवरचे तालवाद्य मी कमी प्रतीचे मानत नाही. वाद्यवृंदांतला ऑक्टोपॅड ऐकतच आमची पिढी मोठी झाली. पण मी जवळून पाहिलेले ऑक्टोपॅडवादक आधी ढोलकी किंवा तबल्यावर तयार झालेले होते.

म्हणूनच या मुलांना आठवड्यातून एक तास तरी खऱ्या ड्रमवर बसायला मिळाले पाहिजे आणि त्यासाठी शहरात जागा हवी. नाटकासाठी ठाण्यात गडकरी रंगायतन आहे, घाणेकर नाट्यगृह आहे. महापालिकेने आपल्या एखाद्या वास्तूत तासाच्या भाड्याने मिळणारी ध्वनिरोधक सराव खोली करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तोवर गृहनिर्माण संस्थांना दुपारी रिकामे असणारे क्लबहाऊस देता येईल. आमच्या कार्यकारिणीकडे मी तसा अर्ज दिला आहे: बुधवारी दुपारी ४ ते ५, तळमजल्यावरची खोली, दारे-खिडक्या बंद आणि वाजवणाऱ्याच्या कानांत इअरप्लग. अर्जावर पहिली सही खालच्या मजल्यावरच्या आजींची आहे.

– एक पालक, ठाणे (पश्चिम)