हाती माईक देऊ नका

संपादक महोदय,

स्वातंत्र्यदिनाला गावोगावी भाषणे होतात. कर्णबधिर मुलांनाही त्यात उभे करा, पण तयारी नीट हवी. भारतीय सांकेतिक भाषेत बहुतेक अक्षरे दोन हातांनी काढतात. हातात माईक दिला की गावाचे नावही सांगता येत नाही. माईक खुणा पाहून त्या आवाजात सांगणाऱ्या दुभाष्याकडे हवा. तो पहिल्या रांगेत, वक्त्याच्या समोर बसलेला असावा. मागे उभा राहिला तर त्याला हात दिसणार कसे?

वक्त्याने एकरंगी, त्वचेच्या रंगाहून वेगळा शर्ट घालावा. बांगड्या, घड्याळ नको. सूर्य किंवा हॅलोजन पाठीमागे असेल तर चेहरा काळा दिसतो आणि अर्थ निम्मा हरवतो, कारण प्रश्न भुवयांतून कळतो. बोलण्याचे टेबल बाजूला सारा, नाहीतर छातीखालचे हात झाकले जातात.

सराव दुभाष्यासोबतच करावा. त्याचा आवाज मुलाच्या खुणांपेक्षा एखादे वाक्य मागे असतो, म्हणून वाक्य संपले की थांबावे, त्याच्याकडे पाहावे. नावे, आकडे असलेला मजकूर त्याला आदल्या दिवशी द्यावा. घाबरलेल्या मुलाचे हात आखडतात, खुणा पोटाशी लहान होतात आणि मागच्या रांगेला काहीच दिसत नाही. म्हणून सराव वर्गात नको, मैदानावर घ्या.

– सांकेतिक भाषेचे प्रशिक्षक, दारव्हा (जि. यवतमाळ)